पावसातली बुडी

जहाज जपानमधल्या तोबाच्या खाडीत नांगर टाकून उभं राहिलं तेव्हा पावसाची झड लागलेली होती. किनारा म्हणून काही दिसत नव्हतं, नुसती डोंगरांची काळपट रेघ आणि तिच्यावर लोळणारे ढग. सकाळी नाश्त्याच्या वेळीच बऱ्याच प्रवाशांनी किनाऱ्यावरच्या गावांची सहल रद्द केली. माधवरावांनीही केली. त्यांना आदल्या दिवसापासून सर्दी होती, आणि वालचंदनगरच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झाल्यापासून खिडकीशी पुस्तक घेऊन बसण्यासारखं दुसरं सुख त्यांना ठाऊक नव्हतं.

"तूही जाऊ नकोस," ते बायकोला, पद्माताईंना म्हणाले. "धुक्यात काय दिसणार आहे?"

पद्माताईंचंही तसंच मत होत आलं होतं. पण तेवढ्यात त्यांच्या विहीणबाई कौसल्याबाई केबिनच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. साडीवर बारामतीहून घेतलेला निळा रेनकोट, पायांत लेकीनं दिलेले पांढरे बूट.

"चला की वो विहीणबाई," त्या म्हणाल्या. "आपन काय गुळाच्या हाय व्हय इरघळायला?"

पद्माताई उठल्या.

पद्माताईंचा मुलगा कुशल आणि कौसल्याबाईंची मुलगी श्रेया यांच्या लग्नाला तीन वर्षं झाली होती. दोघं योकोहामाला नोकरी करत होते. जपानच्या किनाऱ्यानं फिरणाऱ्या जहाजावरची ही आठवडाभराची सफर त्यांनीच सगळ्यांसाठी ठरवली होती. कुशलला ऐन वेळी रजा मिळाली नाही. निरवांगीहून श्रेयाचे वडील दत्तोबाही आले नाहीत. दावणीला गाई होत्या आणि आडसाली उसाची लागण तोंडावर आली होती. म्हणून जहाजावर श्रेया धरून चौघंच होते.

दोन्ही विहिणींचं तसं बरं होतं. दिवाळीला फराळाचे डबे जायचे-यायचे, संक्रांतीला फोन व्हायचा. पण पद्माताई शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, तर कौसल्याबाईंचा दिवस गोठ्यात आणि उसाच्या फडात जाणारा, त्यामुळे ख्यालीखुशाली संपली की पुढे काय बोलायचं हे दोघींनाही सुचत नसे. जहाजावर कौसल्याबाई तासन्‌तास कठड्याशी उभ्या राहून खाली पाण्याकडे बघत. समुद्र पहिल्यांदाच बघतायत, नवल वाटत असणार, असं पद्माताई धरून चालल्या होत्या.

जहाजावरून किनाऱ्याला नेणारी छोटी लाँच चांगलीच डोलत होती. पद्माताईंनी समोरच्या बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. कौसल्याबाई मात्र अगदी कडेला बसल्या होत्या आणि उडणारे तुषार तळहातावर झेलत होत्या.

"बंदराचं नाव तोबा?" त्यांनी श्रेयाला विचारलं. "असलं कसलं गं नाव?"

"त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा आहे, आई."

"असंल. पन आपल्याला कसं वाटतं, हितं येऊन कायतरी चुकलंच."

बसमध्ये मोजकीच माणसं होती. पहिलं गाव मोत्यांच्या शेतीचं होतं. खाडीच्या शांत पाण्यावर लाकडी तराफ्यांच्या रांगा, त्यांवर वाकून दोऱ्या ओढणारी माणसं, आणि सगळ्यावर संथ पडणारा पाऊस. घरं लहान होती, कौलं काळी चकचकीत. वळचणीला कांद्याच्या माळा टांगलेल्या. डोंगरउतारावरची भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी पार समुद्रापर्यंत उतरलेली.

"बांध बगा," कौसल्याबाई काचेला नाक लावून म्हणाल्या. "कुठं एक ढेकूळ निसटल्यालं न्हाय. कोन करत असंल एवढं?"

तेवढ्यात त्यांना दिसलंच कोण करतं ते. पाठीत वाकलेली एक म्हातारी, डोक्यावर प्लास्टिकची टोपी, खाचरात उभी होती. बस जवळ आली तशी ती थांबली आणि वाकून नमस्कार करून पुन्हा कामाला लागली. पद्माताईंनी नकळत हात जोडले. या देशात आल्यापासून त्यांना एका गोष्टीचं कौतुक वाटत होतं. इथली माणसं कोणतंही काम कोणी बघत असो-नसो सारख्याच मनानं करत होती.

दुसऱ्या गावात बस थांबली ती धक्क्यापाशी. इथं पाणबुड्या बायकांचं प्रात्यक्षिक बघायचं होतं. या बायका पाठीवर हवेची टाकी न घेता, नुसत्या दमावर समुद्राच्या तळाशी जातात आणि शंखशिंपले काढून आणतात. पण पावसामुळे प्रात्यक्षिक रद्द झाल्याचं गाईडनं सांगितलं. ती बाकीच्यांना घेऊन धक्क्यावरच्या मासळीबाजारात गेली. ज्यांना हवं त्यांनी पाणबुड्या बायकांच्या झोपडीत शेकायला बसावं, बस निघताना बोलावते, म्हणाली. झोपडीकडे या तिघीच गेल्या.

झोपडी ठेंगणी होती. मधोमध जमिनीत चौकोनी चूल पेटलेली, भिंतीला रबरी पोशाख, जाळ्या आणि पांढरी फडकी टांगलेली. चुलीपाशी एक बाई बसली होती. पंचाहत्तरी उलटलेली, पण खांदे एखाद्या गड्यासारखे रुंद. त्यांचं नाव हिसाए. त्यांनी आधी तिघींचे ओले मोजे मागून घेतले आणि काठीवर वाळत घातले, मग चहा ओतला. पद्माताई मासे खात नाहीत हे श्रेयानं सांगितल्यावर निखाऱ्यात दोन रताळी पुरली. कौसल्याबाईंसाठी एक मोठा शंख जाळीवर ठेवला. शंखातलं पाणी उकळायला लागलं तसा आतला गर काडीनं ओढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"आपल्या चिलापीपेक्षा ग्वाड हाय," कौसल्याबाई चावता चावता म्हणाल्या. उजनीच्या धरणातल्या चिलापी माशाची चव या बाईंना जपानीत कशी सांगायची, ते श्रेयाला कळेना. तिनं नुसतं "छान आहे म्हणते" असं सांगितलं.

हिसाएबाई सांगत होत्या, श्रेया मराठीत आणत होती. टाकी लावली तर एकाच दिवसात सगळा तळ रिकामा होईल, म्हणून ती लावायची नाही. कोणत्या दिवशी पाण्यात उतरायचं ते गावची सहकारी संस्था ठरवते. लहान शिंपला हाती आला तर जिथून काढला तिथं परत ठेवायचा.

"सोसायटी हाय म्हन की," कौसल्याबाई सरसावून बसल्या. "सभासद किती हायत इचार."

पूर्वी घरटी एक होती, आता बोटांवर मोजण्याएवढ्या उरल्यात, असं उत्तर आलं. पोरी शहरात जातात. कौसल्याबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "तिला इचार, खाली गेल्यावर कानात कळ येती, तवा काय करती?"

श्रेयानं विचारलं. हिसाएबाईंनी हातातला चिमटा खाली ठेवला आणि कौसल्याबाईंकडे नीट बघितलं. मग नाक चिमटीत धरून गाल फुगवून दाखवले.

"मी बी तसंच करायची," कौसल्याबाई म्हणाल्या.

"कधी?" श्रेयानं विचारलं. हे भाषांतर नव्हतं.

"लगीन व्हायच्या आदी. भीमेत."

आणि मग त्या बोलत गेल्या. माहेरचं गाव भीमेच्या काठावर होतं. उजनीचं धरण झालं आणि पाणी चढत आलं. जे उचलता आलं ते बैलगाडीत घालून लोक वरच्या नव्या गावठाणात गेले. मातीच्या भिंती पाण्यात विरघळून बसल्या, पण घरांचं लाकूड, तुळया, दारांच्या चौकटी, सगळं खाली गाळात अडकून राहिलं. नव्या घराला लाकूड आणायचं कुठून? तेव्हा कौसल्याबाई तेरा-चौदा वर्षांच्या होत्या. अंगानं हलक्या, आणि दम भावांपेक्षा जास्त. चुलत्यांनी कमरेला एक दोर बांधला, दुसरा हातात दिला.

"खाली दिसायचं न्हाय कायबी. सगळा गढूळ अंधार. हातानं चाचपायचं. हा उंबरा, हा कोनाडा, हितं देवळी. हाताला कळायचं कुनाचं घर हाय ते. तुळई घावली की तिला दोर बांधायचा, दोन हिसकं द्यायचं आन् वर यायचं. काठावर बैलं जुपल्याली असायची. ती वडायची. मग तुळई हळूच वर यायची, म्हशीसारखी."

श्रेया जपानीत सांगता सांगता मध्येच थांबली. "आई, मामाच्या घरच्या तुळया? ओसरीवरच्या?"

"त्याच की."

"मी दर मे महिन्यात त्यांच्याखाली झोपलेय. मला कोणी कधीच बोललं नाही."

"त्यात काय बोलायचं? तवा सगळ्यांचंच तसं चाललं हुतं."

श्रेयानं उरलेलं सांगून संपवलं. पद्माताईंच्या हातातलं रताळं तसंच राहिलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलींना त्यांनी वर्षानुवर्षं धरणांचे फायदे शिकवले होते. त्या पाण्याखाली हातानं घरं ओळखत फिरलेली मुलगी आपल्या शेजारी बसून शंख खाते आहे, हे पचवायला त्यांना थोडा वेळ लागला.

हिसाएबाई उठल्या. भिंतीवरचा काळा पोशाख काढत त्यांनी श्रेयाला काहीतरी सांगितलं.

"त्या म्हणतायत, प्रात्यक्षिक सहल कंपनीनं रद्द केलंय, त्यांनी नाही. बघायचंय का?"

झोपडीच्या मागे दगडी बांधाच्या आडोशाला पाण्याचा एक निवांत तुकडा होता. बांधाच्या पलीकडे लाटा फुटत होत्या, अलीकडे पाणी नुसतं पावसानं शहारत होतं. हिसाएबाईंनी डोक्याला पांढरं फडकं बांधलं. त्यावर निळ्या दोऱ्यानं एक चांदणी शिवलेली होती. ती एकाच रेघेत काढायची असते, त्यांनी सांगितलं, जिथून निघालो तिथंच परत यायचं म्हणून. मग त्या कमरेएवढ्या पाण्यात गेल्या, चार हात पोहल्या, डोकं खाली केलं, पाय सरळ आकाशाकडे झाले आणि दिसेनाशा झाल्या.

पाण्यावर पावसाचे थेंब तेवढे उरले. पद्माताईंनी त्यांच्याबरोबर श्वास रोखून बघितला. त्यांचा सुटला, परत धरला, तोही सुटला, तरी पाणी तसंच. मग बऱ्याच लांबवर डोकं वर आलं आणि एक बारीक, लांबलचक शीळ ऐकू आली. कोंडलेला दम त्या अशा हळूहळू सोडतात, श्रेया म्हणाली. पावसात ती शीळ ऐकून पद्माताईंच्या अंगावर काटा आला. म्हातारपण म्हणजे काय याबद्दल त्यांच्या डोक्यात जे काही होतं, त्यातलं बरंचसं त्या बाईनं पाण्यातच ठेवलं होतं.

त्यांनी वळून बघितलं तर कौसल्याबाई बूट काढत होत्या.

"आई, काय करतेस?"

"जाऊन येते."

"वेडी आहेस का? बीपीची गोळी चालू आहे तुझी. चाळीस वर्षांत पाण्यात गेली नाहीस. पाणी किती गार आहे!"

"तिला इचार. ती न्हाय म्हनली तर न्हाय जात."

हिसाएबाई काठाशी आल्या होत्या. त्यांनी ऐकून घेतलं, कौसल्याबाईंचं मनगट धरून बराच वेळ नाडी बघितली, छातीवर हात ठेवून लांब श्वास घ्यायला लावले. गोळीचंही विचारलं. मग म्हणाल्या, आधी कमरेएवढ्या पाण्यात तोंड बुडवून दाखवायचं, मग बघू. मी हाताच्या अंतरावर राहीन.

श्रेया सासूकडे वळली. "अहो आई, तुम्ही तरी सांगा तिला. तुमचं ऐकेल."

पद्माताईंच्या ओठांवर 'नको' हा शब्द तयार होता. पण कौसल्याबाईंचं तोंड त्यांना दिसलं. त्या रागावलेल्या नव्हत्या, हट्टालाही पेटलेल्या नव्हत्या. परीक्षेचा पेपर हातात पडायची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या नुसत्या उभ्या होत्या.

"जाऊ दे त्यांना," पद्माताई म्हणाल्या.

रबरी पोशाख चढवताना तिघींना घाम फुटला. हिसाएबाईंच्या बहिणीचा होता तो, पोटाशी घट्ट आणि हाताला लांब. "उसाच्या कांडीला परत साल चढवल्यागत झालं," कौसल्याबाई पुटपुटल्या. हिसाएबाईंनी दुसरं फडकं घेऊन त्यांच्या डोक्याला गाठ मारली.

तोंड बुडवून दाखवणं जमलं, पण पहिली बुडी फसली. रबरामुळे अंग वरच राहिलं, पाय हवेत झाडले गेले, नाकातोंडात खारं पाणी गेलं. खोकत वर येऊन त्या म्हणाल्या, "हे पानी लईच खारट हाय की." हिसाएबाई हसल्या, स्वतःचा शिशाच्या वजनांचा पट्टा काढून त्यांच्या कमरेला बांधला आणि थोडं पुढे घेऊन गेल्या. तिथं दोन पुरुष पाणी असेल.

कौसल्याबाईंनी तीन लांब श्वास घेतले. मग डोकं खाली, पाय वर, आणि या खेपेला पाय सरळ गेले. पाणी मिटलं.

श्रेयानं सासूचा दंड धरला. पद्माताईंची छत्री कधी खाली गेली ते त्यांना कळलं नाही. पाऊस तोंडावर येत होता. हिसाएबाई तोंड पाण्यात घालून खाली बघत तरंगत होत्या, त्या हलल्या नाहीत म्हणजे सगळं ठीक असणार, असं पद्माताई स्वतःला बजावत राहिल्या. मग पाणी फुटलं. कौसल्याबाईंनी मोठ्यानं दम सोडला, आणि एक हात वर केला. हातात शंख होता.

हिसाएबाईंनी तो घेतला, उलटासुलटा बघितला आणि एकदम कडक आवाजात काहीतरी म्हणाल्या.

"आई, परत ठेव म्हणतायत," श्रेया काठावरून ओरडली. "सभासद नसलेल्यानं काही काढायचं नाही."

कौसल्याबाईंनी क्षणभर विचार केला. "बरुबर हाय," त्या म्हणाल्या. शंख घेतला, दम भरला आणि परत खाली गेल्या. या खेपेला हिसाएबाईही त्यांच्यामागून गेल्या. दोन्ही डोकी वर आली ती एकमेकींच्या शेजारी. हिसाएबाईंनी शीळ घातली. कौसल्याबाईंनीही घालून बघितली. आधी नुसती थुंकी उडाली, मग कुठून तरी एक बारीक, फाटका सूर निघाला. दोघीजणी पाण्यात तरंगत हसत होत्या.

झोपडीत परत आल्यावर कौसल्याबाईंचे दात वाजत होते, ओठ निळे पडले होते. हिसाएबाईंनी चुलीत मोठं लाकूड घातलं आणि त्यांची पाठ खसाखसा चोळली. श्रेया आईचे केस पुसत होती.

"नीरा नदी दाराशी आहे आपल्या," ती म्हणाली. "मला का नाही शिकवलंस?"

"भ्या वाटायचं."

"तुला?"

"मला सवताचं कधीच न्हाय वाटलं. पन तू झाल्यावर नदीकडं बगितलं की तुला उचलून घराकडं वळायची. माझं मला कळायचं खाली काय हाय ते. तुझं कसं कळनार?"

श्रेया पुसत राहिली. तिचे हात आता हलके झाले होते.

गाईड बोलवायला आली. निघताना हिसाएबाईंनी तिघींचे वाळलेले मोजे परत दिले, आणि कौसल्याबाईंचे दोन्ही हात हातात घेऊन एक वाक्य बोलल्या.

"काय म्हनली?"

"इथं जन्मली असतीस तर सभासद करून घेतलं असतं, म्हणतायत."

कौसल्याबाई संकोचल्या. लग्नात, बारशात, कशातही पद्माताईंनी त्यांना इतकं लाजलेलं बघितलं नव्हतं.

संध्याकाळी जहाजावरून कौसल्याबाईंनी निरवांगीला फोन लावला. श्रेयानं तो मधल्या टेबलावर ठेवला होता, म्हणून दत्तोबांचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"समुद्रात बुडी मारली," कौसल्याबाईंनी सांगितलं.

दत्तोबांनी विचारलं, "पानी गार हुतं का?"

"लई."

"तुला पवता येतंय ते मला म्हाईत हाय. तुझ्या चुलत्यानं सांगितलं हुतं लग्नात."

"मग कधी बोलला न्हाईत."

"मी कधी न्हाय म्हनलं का तुला?"

"न्हाय म्हनला न्हाईत. पन जा बी म्हनला न्हाईत."

मागे गाय हंबरली. दत्तोबांनी तिला चुचकारलं. "ये आता नीट," मग ते म्हणाले. "श्रावणात नीरंला चांगलं पानी असतंय."

फोन ठेवल्यावर माधवराव नाक पुसत म्हणाले, आपण उगाच राहिलो, यायला हवं होतं. पद्माताई कौसल्याबाईंबरोबर कठड्याशी जाऊन उभ्या राहिल्या. किनाऱ्यावरचे दिवे पावसात पुसट झाले होते. आज पहिल्यांदाच, काय बोलायचं हा प्रश्न पडला नाही.

"मला येईल का हो पोहायला या वयात?" त्यांनी विचारलं.

कौसल्याबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "येतंय की. पन आदी अंग ढिलं सोडावं लागतंय, विहीणबाई. ते तुमाला जरा जड जाईल."

दुसऱ्या दिवशीही पाऊस होताच, त्यामुळे जहाजावरच्या तलावात कोणी नव्हतं. पद्माताई सुनेचे पोहण्याचे कपडे घालून, डोळे घट्ट मिटून पाण्यावर आडव्या झाल्या होत्या. पाठीखाली कौसल्याबाईंचा खरबरीत तळहात होता. आडोशाला खुर्ची टाकून बसलेल्या माधवरावांनी पुस्तक मिटलं होतं. पद्माताईंनी मान ताठ केली, तशा त्या बुडाल्या आणि ठसका लागून उभ्या राहिल्या.

"पुन्यांदा," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि तळहात पाण्याखाली धरला.